घराच्या आतील गुलाबी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जयपूर येथे सभासदांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानांत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा इतिहास असे भारदस्त विषय येऊन गेले. त्यांच्या पंक्तीस आम्ही ‘घराच्या भिंतींचा फिकट गुलाबी रंग’ हे पान मांडीत आहो, याचे कित्येकांस नवल वाटेल. केंद्र सरकारच्या नोकरीत केस पिकविलेल्या माणसाने फायलींच्या रंगांविषयी बोलावे, गुलाबी रंगाविषयी नव्हे, असेही कोणी मनात म्हणेल. परंतु ज्या शहरात आपण राहतो त्याचे नावच जग ‘गुलाबी नगरी’ असे घेते. त्या नगरीत पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळाने या रंगाचा एकदा विचार केला, तर ते अप्रस्तुत ठरू नये. शिवाय आमच्या मते या साध्या विषयाच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. त्याकडे आम्ही शेवटी वळू.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘गुलाबी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्या भाषेत ‘गुल’ म्हणजे फूल व ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणून नावाच्या मुळाशी प्रत्यक्ष फुलापेक्षा गुलाबपाण्याचाच गंध अधिक आहे. परंतु शब्द परका म्हणून रंगही परका, असे मात्र नव्हे. संस्कृतात त्यास ‘पाटल’ हे नाव होतेच. पांढरा व तांबडा यांच्या मिश्रणास पाटल म्हणावे, अशी त्याची व्याख्या अमरकोशात आढळते. रंगाऱ्याच्या दृष्टीनेही ही व्याख्या अचूक आहे. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात गुलाबी रंग शोधून सापडत नाही. पांढऱ्यात तांबड्याचा अंश मिसळला म्हणजेच तो जन्मास येतो, आणि तो अंश किती असावा यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आता आपल्या नगरीकडे पाहू. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये हे शहर वसविले. पुढे १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड येथे आले, तेव्हा महाराजा सवाई रामसिंह यांनी त्यांच्या स्वागतार्थ शहर या रंगाने रंगविले, असे सांगतात. तेव्हापासून तो रंग नगरीस चिकटला तो चिकटलाच. २०१९ मध्ये युनेस्कोने परकोटाच्या आतील जयपूरला जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हाही जगाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो हाच रंग. परंतु जोहरी बाजारात उभे राहून नीट पाहावे. ज्यास आपण गुलाबी म्हणतो तो वस्तुतः गेरूचा रंग आहे. भाजलेल्या विटेला व उन्हात तापलेल्या मातीला जवळचा. प्रखर उन्हात तो फिकट भासतो आणि सायंकाळी पेटून उठतो. मोकळ्या आकाशाखाली, रुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो शोभतो याचे कारण हे की, तेथे प्रकाश अमाप असतो आणि पाहणारा दूर उभा असतो.

तोच रंग दहा फूट रुंदीच्या खोलीत आणला तर काय होते? येथील काही घरांत हा प्रयोग आम्ही पाहिला आहे. खोली भट्टीसारखी वाटू लागते. यास कारण आहे. खोलीत चार भिंती एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. एका भिंतीवरून परतलेला तांबूस प्रकाश दुसरीवर पडतो आणि दुसरीवरून पुन्हा पहिलीवर येतो. या देवघेवीत रंग गडद होत जातो. दुकानातील कार्डावर बोटभर चौकोनात जो रंग सौम्य दिसतो, तो चारही भिंतींवर चढला म्हणजे अंगावर येतो, तो यामुळेच. म्हणून जुने रंगारी सांगत की, कार्डावरचा जो रंग मनास भावेल त्याहून दोन पायऱ्या फिकट घ्यावा. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पदार्थविज्ञानाशी आमचा परिचय वर्तमानपत्री. तथापि या एका नियमामागचे शास्त्र आमच्यासारख्यासही समजते, आणि घर रंगविताना तो एक नियम पाळला तरी अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम दिशेचे व दिव्यांचे. उत्तरेकडील खोलीत सूर्य थेट येत नाही. तेथे आकाशाचा निळसर, थंड प्रकाश असतो. पांढरी भिंत अशा खोलीत करडी व उदास दिसते. तीच फिकट गुलाबी केली की खोलीस ऊब येते. उलट पश्चिमेच्या खोलीत जयपूरचे तिसऱ्या प्रहरचे ऊन शिरते, तेव्हा गुलाबी रंग नारिंगीकडे झुकतो, आणि ज्येष्ठ महिन्यात तो नुसत्या दर्शनानेच घाम आणील. तेथे गुलाबीचा मोह आवरावा, किंवा त्याचा पांढऱ्यात केवळ भास ठेवावा.

दिव्यांची गोष्ट तर अलीकडे पारच बदलली आहे. आमच्या बालपणी पिवळ्या बल्बचा प्रकाश असे. त्यात तांबडा अंश भरपूर, त्यामुळे गुलाबी भिंत रात्री अधिकच खुलत असे. पुढे नळकांडी दिवे आले आणि त्यांच्या पांढऱ्या प्रकाशात तीच भिंत जांभळट, निस्तेज दिसू लागली. २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना आली आणि एलईडी दिवे घरोघर पोहोचले. या दिव्यांच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे उबदार, पिवळसर प्रकाश. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे बहुतेक घरांत दुसराच दिवा आणला जातो, कारण तो अधिक उजेड देतो अशी समजूत आहे. गुलाबी भिंतीस मात्र तो मारक आहे. म्हणून रंग निवडण्यापूर्वी भिंतीवर हात-दीड हाताचा तुकडा रंगवावा, आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर असा तिन्ही वेळा पाहावा. संधिप्रकाशात एक गंमतही दिसेल. उजेड मंदावला की तांबड्या छटा सर्वांआधी काळवंडतात आणि निळ्या-हिरव्या त्या मानाने टिकून राहतात. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हे टिपून ठेवले. दिवेलागणीपूर्वीच्या घटकाभरात गुलाबी खोली राखी का वाटते, याचे उत्तर त्यात आहे. त्यात रंगाऱ्याचा दोष नसतो.

शेजारच्या रंगांचेही असेच. पॅरिसच्या गोब्लँ येथील विणकामाच्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. धाग्यांचे रंग फिके पडतात अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या. तपासाअंती काही तक्रारींचे मूळ त्यांना धाग्यात सापडलेच नाही. ते शेजारच्या धाग्याच्या रंगात होते. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. त्याचा घरगुती अर्थ इतकाच की, गुलाबी भिंतीपुढे हिरवा पडदा टांगला तर दोन्ही रंग एकमेकांस चिथावतात. तेथे ताकाच्या रंगाचा किंवा करडा पडदा लावला तर भिंत शांत राहते. सागवानी कपाट, पितळी समई, शहाबादी किंवा कोटा फरशी, या आपल्या घरच्या वस्तू फिकट गुलाबीशी उत्तम जुळतात. छत मात्र पांढरेच असू द्यावे. खोलीतला पुष्कळसा उजेड छतावरूनच खाली उतरतो.

आता रंगाच्या द्रव्याविषयी. पूर्वी आपल्याकडे दिवाळीच्या आधी चुन्याचा हात फिरे. चुनकळी विरजवून निवळ काढावयाची, त्यात डिंक आणि पांढरेपणासाठी थोडी नीळ. गुलाबी छटा हवी तर निळीऐवजी चिमूटभर काव. काव अथवा गेरू हा लोखंडाच्या गंजाचाच भाऊबंद. चुन्याचा दाहक गुण त्यास बाधत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. फुलापानांचे व कापडाचे पुष्कळ रंग चुन्यात घातले तर थोड्याच दिवसांत उडून जातात. कोकणात व गोमंतकात पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेची जी नक्षी देवळांवर दिसते, तिच्या दीर्घायुष्याचे रहस्यही हेच. आणि येथे राजस्थानात चुन्याचा आराइश नावाचा जो गिलावा करतात, त्यास अकीकाच्या दगडाने घोटून आरशासारखी झळाळी आणतात. भिंत कशी असावी याचा इतका विचार ज्या भूमीत झाला, तेथे आपण राहतो.

चुन्यानंतर डिस्टेंपर आले, आणि त्यानंतर प्लॅस्टिक इमल्शन. इमल्शन पुसता येते, म्हणून लहान मुलांच्या घरात ते सोयीचे. परंतु ते चांगल्या पायावरच टिकते. ओल असलेल्या भिंतीवर कोणताही महाग रंग चढविला तरी पहिल्या पावसात त्याचे पोपडे सुटतात. येथील जुन्या घरांच्या भिंतींना तळाशी लोणा लागतो; तेथे आधी ओलीचे मूळ शोधावे, खराब गिलावा काढून नवा करावा, तो चांगला वाळू द्यावा. नव्या गिलाव्यास निदान चार आठवडे विसावा हवा. मग लांबी, घासणी, अस्तर आणि त्यावर रंगाचे दोन हात. हिशेबही सांगून ठेवतो, कारण आमच्या पेशास हिशेबाविना चैन पडत नाही. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट भरतात. दार-खिडकी वजा जाता ४०० धरा. दोन हातांस साधारण साडेतीन ते चार लिटर इमल्शन लागते. ते सारे एकाच वेळी कालवून घ्यावे. फिकट गुलाबीत तांबड्याचे थेंब इतके थोडे असतात की, दुसऱ्या खेपेस आणलेला डबा हटकून जरासा वेगळा येतो आणि भिंतीवर ती सीमारेषा जन्मभर दिसत राहते.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो, आणि हसतखेळत चाललेल्या भाषणात क्षणभर गंभीर होतो. जुन्या घरांतील दारे, खिडक्या व गज यांवर जे तेलरंग असत, त्यांत शिशाचा अंश असू शके. शिसे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते, आणि तो अपाय भरून येत नाही. आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर बंधन घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांस नव्वद भाग ही मर्यादा लागू झाली. म्हणजे त्यापूर्वीचा तेलरंग ज्या दारावर आहे, ते दार घरात नातवंडे खेळत असताना कोरडे खरवडू नये. पाणी मारून ओले घासावे, धूळ झाडू नये तर ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, आणि तोवर मुलांस व गर्भवती स्त्रीस दुसरीकडे ठेवावे. खोली गुलाबी झाली नाही तर कोणाचे काही बिघडत नाही. ही काळजी न घेतली तर बिघडते.

गुलाबी रंगाने मन शांत होते, असाही एक समज आहे. त्याचा उगम अमेरिकेत सापडतो. १९७९ मध्ये सिएटल येथील नौदलाच्या बंदीगृहातील एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगविण्यात आली. बेकर व मिलर या तेथील दोन अधिकाऱ्यांचे नाव पुढे त्या रंगास मिळाले. कैद्यांची आक्रमकता कमी झाली असे प्रथम सांगण्यात आले, आणि कित्येक तुरुंगांनी त्याचे अनुकरण केले. परंतु पुढे काटेकोरपणे केलेल्या प्रयोगांत या म्हणण्यास दुजोरा मिळाला नाही. म्हणून भिंत गुलाबी केली की घरातील भांडणे मिटतील, असे आश्वासन आम्ही कोणास देऊ इच्छीत नाही. भांडणाचे कारण क्वचितच भिंतीत असते.

दुसरा समज असा की, हा रंग बायकी आहे. ज्यांना असे वाटते त्यांनी येथील लग्नाच्या वरातीत गुलाबी साफा बांधलेल्या, भरघोस मिशांच्या पुरुषांकडे पाहावे आणि त्यांच्यासमोर हे मत मांडण्याचे धैर्य दाखवावे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील व्यापारी नियतकालिकांत गुलाबी रंग मुलग्यांसाठी आणि निळा मुलींसाठी सुचविलेला आढळतो. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांना गुलाबी रंगाचा विलक्षण सोस होता, आणि १९५३ नंतरच्या काही वर्षांत तिकडच्या घरांच्या न्हाणीघरांपर्यंत तो रंग पोहोचला. सारांश, रंगाचे लिंग ठरविणारा बाजार असतो, निसर्ग नव्हे.

घरातील वृद्धांचा विचार मात्र अवश्य करावा. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळट होते, त्यांना उजेड अधिक लागतो आणि फिकट छटांतील भेद कळेनासा होतो. फिकट गुलाबी भिंत पडलेल्या उजेडाचा मोठा भाग परत फेकते, ही जमेची बाजू. पण भिंत, चौकट आणि दिव्याच्या बटणांची पाटी ही सारी एकाच फिकट रंगाची असली तर रात्री उठलेल्या आजीला दार कोठे संपते ते उमजत नाही. चौकट गडद ठेवावी, बटणांची पाटी उठून दिसेल अशी असावी. घराचे सौंदर्य त्याने उणावत नाही, आणि एखादे हाड मोडावयाचे वाचते.

आता प्रारंभी ज्याचा उल्लेख केला त्या प्रश्नाकडे वळतो.

या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांची घरे आम्ही पाहिली आहेत. महालेखापालांचे कार्यालय, रेल्वे, टपालखाते, बँका, अशा निमित्तांनी आपण वा आपले वडील येथे आले. आम्ही स्वतः बदल्यांच्या निमित्ताने सहा शहरांत राहिलो. सरकारी निवासस्थान ताब्यात घ्यावे तेव्हा भिंतींवर ठरलेला पिवळट पांढरा रंग असे. सोडावे तेव्हाही तोच असे. मध्ये गेलेल्या वर्षांची खूण म्हणून आमच्या कन्येच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या राहत, आणि त्यांवरून पुढच्या कुटुंबासाठी कुंचला फिरे. सरकारी घराचा हा धर्मच आहे. त्याविषयी तक्रार नाही. परंतु ज्यांनी येथे स्वतःची घरे बांधली, त्यांच्याही भिंती तशाच कोऱ्या का? विचारले तर उत्तर येते, ‘आता कशाला खर्च? निवृत्तीनंतर पुण्याला जायचेच आहे.’ हे उत्तर आम्ही वीस वर्षे ऐकत आहो. उत्तर देणाऱ्यांपैकी कित्येक निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, पुण्यातील भावकी पांगली, मुले बंगलोरला व परदेशी गेली, आणि ते येथेच आहेत. कित्येक आज हयातही नाहीत. त्यांच्या पत्नींनी ज्या स्वयंपाकघरांत चाळीस वर्षे घालविली, त्यांचा रंग कोणता असावा हे त्यांना कोणी विचारलेच नाही, कारण ते घर ‘खरे’ घर नव्हते. खरे घर पुढे व्हावयाचे होते.

मराठीपण राखणे म्हणजे येथे पाहुण्यासारखे राहणे, अशी एक चमत्कारिक समजूत आपल्यात रुजली आहे. आपल्या मंडळाचा इतिहासच तिचे खंडन करतो. ज्या पिढीने पन्नास वर्षांपूर्वी वर्गणी गोळा करून येथे गणपती बसविला, ग्रंथालयाची पहिली दोन कपाटे घेतली, तिने परत जावयाची वाट पाहिली नाही. तिने परमुलखातच आपले अंगण सारविले. आपणही आपल्या घरांशी तितका प्रामाणिकपणा दाखवावा. वर्षाचे बारा महिने ज्या भिंतींकडे पाहावयाचे, त्यांचा रंग आज ठरवावा, आणि तो ठरविण्याचा पहिला अधिकार दिवसाचा अधिक काळ त्या घरात असणाऱ्या व्यक्तीस द्यावा. बहुतेक घरांत ती गृहिणी आहे, काही घरांत वृद्ध आई किंवा वडील आहेत. रंग गुलाबीच असला पाहिजे असा आमचा मुळीच आग्रह नाही. पण उत्तरेकडची खोली असेल, पडदे सौम्य असतील आणि दिवा उबदार असेल, तर पाटल रंगाचा एकवार विचार व्हावा, एवढीच शिफारस आम्ही करतो.

मंडळाच्या या सभागृहास यंदा रंग द्यावयाचा आहे आणि कार्यकारिणीत पांढरा व गुलाबी असे दोन पक्ष पडले आहेत, असे कानावर आले. आम्ही कोणत्याही पक्षाचे वकीलपत्र घेतलेले नाही. सभागृहाच्या खिडक्या उत्तरेस आहेत एवढी वस्तुस्थिती नमूद करून, आणि दिवे बदलण्याचा ठराव रंगाच्या ठरावाआधी मांडावा अशी सूचना करून, आम्ही आपली रजा घेतो.